कोण, कुठले, कुठे निघालात?

समाजसेवेचा फोटो निघालाच पाहिजे, असा आमच्या तालुक्यात दंडक आहे. रक्तदान करणारा सुई टोचून घेताना कॅमेऱ्याकडे बघून हसतो. वृक्षारोपणाचा खड्डा तर ठरलेलाच आहे. दर जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं, आणि त्या वीतभर रोपाला आधार द्यायला अकरा जणांचे हात पुढे आलेले दिसतात. अशा वातावरणात मी जी सेवा निवडली, तिचा फोटो काढायचाच म्हटला तर माळ्यावरच्या एका जुन्या लॅपटॉपचा काढावा लागेल. लाभार्थी कोण हे सेवेकऱ्याला कधी कळत नाही, आणि लाभार्थ्यालाही सेवेकऱ्याचा पत्ता लागत नाही. ही सेवा मी मोबाइलच्या इंटरनेटवरून करायची ठरवली, कारण दुसरं इंटरनेट नव्हतंच. फायबरची केबल आमच्या फाट्यापर्यंत आलेली आहे. पुढे रस्त्याचं काम चालू आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून कोकणातल्या माणसाला ‘काम चालू आहे’ या पाटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सेवेचं नाव टॉर. एरवी आपण इंटरनेटवर काहीही उघडलं, की मधल्या मंडळींना दोन गोष्टी कळतात: कोण उघडतंय आणि काय उघडतंय. टॉर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच्या हाती लागू देत नाही. तुमची मागणी तीन वेष्टनांत गुंडाळली जाते आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या यंत्रांपैकी तिघांच्या हातून जाते. या यंत्रांना रिले म्हणतात. प्रत्येक रिले आपल्या वाट्याचं एक वेष्टन सोडतो आणि आत लिहिलेल्या पत्त्यावर उरलेलं पुडकं धाडून देतो. या वेष्टनांवरून या प्रकाराला कांद्याचं नाव मिळालं आहे. नाशिककडच्या वाचकांनी कृपया भाव विचारू नये. तर, पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे निघालात ते नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, पण कोण ते नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. तो इकडून आलेलं तिकडे करतो आणि पुढच्याची वाट बघतो. उभी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे मधल्याची भूमिका मला ऐकताक्षणी आपली वाटली.

गावात मात्र हे पचणं अवघड. आमच्याकडे एसटीतून उतरलेल्या अनोळखी माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही: कोण, कुठले, कुठे निघालात? ही तिन्ही उत्तरं स्टँडसमोरच्या टपरीतल्या बाकावर जमा होतात, आणि त्या बाकावर आमचे शेजारी अप्पा बसलेले असतात. टॉर बांधणाऱ्यांना ज्याची म्हणून भीती होती, ते सगळं अप्पांच्या रूपाने त्या बाकावर बसलेलं असतं. आणि अप्पांना त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. पाहुण्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या केळ्यांवरून तो आजाऱ्याला भेटायला आलाय की मुलगी बघायला, हे ते सांगतात.

हे टॉर जन्माला आलं कुठे, तर अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग या तिघांनी तिथे ही युक्ती काढली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन येऊन मिळाले, २००२ साली जाळं चालू झालं आणि २००६ साली ते सांभाळायला टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था निघाली. आरमाराने आपली गुपितं राखायची युक्ती जगाला फुकट वाटावी, हे ऐकून कुणालाही वाटेल की यात काहीतरी पाणी मुरतंय. पण कारण सरळ आहे. ही वाट फक्त नौदलाची माणसं वापरू लागली, तर या वाटेने येणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. लपायचं तर गर्दी हवी, आणि गर्दी जमवायची तर कुणाला अडवून चालत नाही. म्हणून आज या वाटेने पत्रकार जातात, नवऱ्याच्या पाळतीतून सुटू पाहणाऱ्या बायका जातात, पोलीस जातात आणि चोरही जातात. चोर जातात हे नाकारण्यात अर्थ नाही. ते एसटीनेही जातात.

तिघांतली तिसऱ्याची जागा मानाची, आणि म्हणूनच धोक्याची. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो तिसऱ्याचा. कुणी काही उपद्व्याप केला की पोलीस त्याच्या दारात. मॉस्कोतले गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव असा तिसरा रिले घरून चालवत असत. २०१७च्या एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली, ती त्यांच्या पत्त्यावरून इंटरनेटवर गेलेल्या मजकुरापायी, आणि आरोप मागे घेतले जाईपर्यंत २०१८ उजाडलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या लेबनन गावचं किल्टन सार्वजनिक वाचनालय तर शहाण्यासारखं मधलाच रिले चालवत होतं. तरी २०१५ साली केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडून गावच्या पोलिसांना निरोप गेला, पोलीस वाचनालयात बोलायला आले, रिले बंद झाला. मग विश्वस्तांची सभा भरली, गावकरी येऊन बोलले आणि रिले पुन्हा सुरू झाला. एका वाचनालयाच्या सभेत एवढा मोठा प्रश्न एका बैठकीत निकालात निघतो, हे वाचून मी थक्क झालो. आमच्या वाचनालयाची सभा दिवाळी अंकांची वर्गणी वाढवावी की नाही, या विषयाच्या पुढे माझ्या आठवणीत कधी सरकलेली नाही.

भारतात टॉर वापरायला किंवा रिले चालवायला बंदी करणारा कायदा नाही. पण कायद्याची बंदी नसणं निराळं आणि पोलीस पाटलांना समजावून सांगता येणं निराळं. म्हणून मी मधलाच व्हायचं ठरवलं.

आमच्या घरात रेंज येते ती माळ्यावरच्या एका खिडकीत, तीही समोरच्या फणसाची मर्जी असेल तेव्हा. सिम घातलेला राउटर एका नायलॉनच्या पिशवीत ठेवून पिशवी खिडकीच्या गजाला टांगली. खाली पाटावर लॅपटॉप, शेजारी गेल्या साली वाळवलेल्या आमसुलांची बरणी. राउटर चालू राहिला की कोमट होतो. ही गोष्ट सगळ्यात आधी एका पालीच्या ध्यानात आली, आणि थंडीच्या दिवसांत ती पिशवीत राहायलाच आली. हिरवा दिवा लुकलुकला की पालीच्या पोटातून उजेड आल्यासारखा दिसे. बायको आमसुलं काढायला माळ्यावर चढली, तिने ते दृश्य पाहिलं आणि खाली उतरून एवढंच म्हणाली, “तुमचं ते समाजकार्य हलतंय.”

रिलेला नाव द्यावं लागतं. एकोणीस अक्षरांच्या आत, आणि इंग्रजी अक्षरं नि आकडे एवढंच चालतं. बायकोने ग्रामदेवीचं नाव सुचवलं. मी म्हटलं, उद्या लाइट गेली तर ‘देवी बंद पडली’ असं म्हणावं लागेल, ते नको. शेवटी गोठ्यातल्या पवळ्याचं नाव दिलं. नाव देताना आणखी एक गंमत कळली. टॉरमधून जाणाऱ्याची ओळख झाकलेली असली, तरी रिले मात्र चव्हाट्यावर असतो. त्याचं नाव, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, चालवणाऱ्याने दिलेला संपर्क, तो किती वेळ चालू आहे, किती माल वाहतो, हे सगळं जाहीर यादीत लागतं आणि जगातला कुणीही ते बघू शकतो. वाटसरूला वाट दिसायची तर मुक्काम कुठे कुठे आहेत ते छापावंच लागणार. म्हणजे दुसऱ्यांना गुप्त ठेवायचं तर आधी आपण नावगावासकट उघड व्हायचं. यादी कुणा एकाच्या मर्जीने लागत नाही. नऊ-दहा विश्वासातली यंत्रं दर तासाला मतदान करतात आणि कुठले रिले चालू आहेत, कुठले वेगवान, कुठले भरवशाचे, ते ठरवतात. दर तासाला निवडणूक, आणि आचारसंहितेसाठी एकही काम थांबत नाही.

पवळ्या मात्र त्या मतदानापर्यंत पोचलाच नाही.

टॉर सुरू केला की तो आधी स्वतःची परीक्षा घेतो. आपल्या दारापर्यंत बाहेरून कुणाला येता येतंय का, हे तो जाळ्यातूनच फिरून येऊन तपासतो आणि पडद्यावर लिहितो की याला वीस मिनिटंही लागू शकतात. पोचता आलं, तर ‘एक्सलंट’ असा शेराही स्वतःच मारतो. मग रिलेचं नाव यादीकडे जातं. पोचता आलं नाही, तर तसं सांगतो, आणि फायरवॉल बघा, पोर्ट बघा, पत्ता बघा असा उपदेश करतो. तो उपदेश मला पाठ झाला. शेरा मी अजून पाहिलेला नाही.

कारण मोबाइल कंपनीने आमच्या घराला पत्ताच दिलेला नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचे मोकळे पत्ते २०११च्या एप्रिलमध्येच संपत आले होते, आणि हातोहाती स्मार्टफोन तर त्यानंतर आले. कंपन्यांनी तोड काढली: शेकडो-हजारो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता, आणि आतल्या आत प्रत्येकाला एक खासगी पत्ता, जो कंपनीच्या कुंपणाबाहेर कुणाला ठाऊक नसतो. या वाटणीसाठी २०१२ साली पत्त्यांचा एक पट्टाच राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या पानावर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावं की आपणही त्या समाईक खात्यातले. आपण आतून बाहेर गेलो तर कंपनीचं यंत्र लक्षात ठेवतं आणि उत्तर बरोबर आपल्याकडे आणून सोडतं. पण बाहेरून कुणी आपणहून त्या पत्त्यावर आला, तर तो हजारांतल्या कुणाकडे आलाय हे यंत्राला कळायला मार्ग नाही. ते त्याला परत पाठवतं.

मी कंपनीला फोन लावला. अमुक सेवेसाठी अमुक दाबा, या जंगलातून बाहेर पडल्यावर एक मुलगी बोलू लागली. आवाज गोड, सहनशक्ती अफाट.

“सर, नेट चालत नाहीये का?”

“चालतंय की.”

“स्लो आहे का?”

“छे, फणसावर अवलंबून असतं, पण झकास आहे.”

“मग तक्रार काय आहे, सर?”

“मी बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचं कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही.”

ती जरा थांबली. “इनकमिंग बंद आहे का, सर? मी तुमची व्हॅलिडिटी चेक करते.”

“फोनचं इनकमिंग नव्हे हो, नेटचं.”

“तुमच्याकडे कोण येणार आहे, सर?”

“ते मला माहीत नाही.”

“कुठून येणार आहेत?”

“तेही माहीत नाही.”

“मग ते तुमच्याकडे येऊन…”

“पुढे जाणार. कुठे ते विचारू नका, मलाही कळणार नाही.”

अप्पांचे तिन्ही प्रश्न तिने अप्पांच्याच क्रमाने विचारले होते आणि तिन्हींना मी तेच एक उत्तर दिलं होतं. पलीकडे कळफलकाचा आवाज आला. बहुधा ‘ग्राहक ज्येष्ठ नागरिक’ असं काहीसं टिपलं असावं. मग ती म्हणाली, “सर, एकदा फोन बंद करून चालू करा आणि व्हॉट्सअॅप उघडतंय का सांगा.” उघडत होतं. “मग तुमची समस्या सुटलेली आहे, सर.” मी फोन खाली ठेवायच्या आत तक्रारीचं निवारण झाल्याचा मेसेज आला, आणि आम्ही किती समाधानी आहोत ते एक ते पाच आकड्यांत कळवावं, अशी विनंतीही.

पुढे एक तांत्रिक साहेब भेटले. ते जाणते होते. स्वतंत्र, कायमचा पत्ता मिळतो म्हणाले, पण तो कंपन्यांना. जीएसटी क्रमांक लागेल. “घरगुती ग्राहकाकडे बाहेरून कुणी येण्याची गरज नसते,” हे त्यांनी मला अशा सुरात सांगितलं की वाद घालायची इच्छाच मेली. मोबाइल कंपनीचं गिऱ्हाइक बघतं, ऐकतं, मागवतं आणि पैसे भरतं. ते उठून कुणाला काही देईल, ही शक्यता ते जाळं विणताना कुणी धरलेलीच नाही.

नवे पत्ते आहेत, हे मलाही ठाऊक आहे. आयपीव्ही६ नावाची नवी पद्धत आलेली आहे आणि तिच्यात पत्ते इतके आहेत की माझ्या फोनलाच काय, पिशवीतल्या पालीच्या प्रत्येक अंड्यालाही एकेक देऊन उरतील. माझ्या राउटरला तसा पत्ता मिळालेलाही आहे. लांबलचक, मध्ये मध्ये दोन टिंबं असलेला. पण टॉरच्या रिलेला जुना पत्ता लागतोच, कारण प्रत्येक रिलेला दुसऱ्या कुठल्याही रिलेपर्यंत पोचता आलं पाहिजे आणि सगळ्यांकडे नवा नसतो. शिवाय नव्या पत्त्यावरसुद्धा बाहेरून येणाऱ्याला आमची कंपनी दारातच अडवते.

आणि समजा पत्ता मिळालाच असता, तरी पुढे हिशोब उभा होता. मधल्या रिलेने महिन्याला निदान १०० जीबी बाहेर पाठवावं आणि तितकंच आत घ्यावं, अशी टॉरवाल्यांची अपेक्षा. रिलेला स्वतःच्या पोटाला काही लागत नाही. जेवढं येतं तेवढं जातं. पण कंपनी येणारं मोजते आणि जाणारंही मोजते. म्हणजे झाले २०० जीबी. माझा पॅक रोज दीड जीबीचा, आणि कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा: एकूण ४२ जीबी. टॉरच्या एका महिन्याला कंपनीचे पावणेपाच महिने लागतात. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यांनी वर्षात तेरा रिचार्ज बसतात. पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांतून एकदा येतो, कंपनीचा दर वर्षी येतो, आणि त्याचं पुण्य कंपनीलाच लागतं. दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. रिलेने निदान सेकंदाला ७५ किलोबाइट, म्हणजे ६०० केबीपीएस तरी द्यावेत, अशी टॉरच्या नियमपुस्तकात अट आहे. त्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाने वाहणाऱ्या पवळ्याला जाळ्यात उभं करण्यापेक्षा पुडकं पोस्टाने गेलेलं बरं.

त्यात मे महिना. मुंबईहून चाकरमानी उतरले की वाडीतल्या प्रत्येक अंगणात चार-चार फोन एकाच टॉवरला लोंबकळतात. संध्याकाळी आयपीएल सुरू झाली की आमच्या खिडकीत रेंजच्या दांड्या दिसतात, पण त्यांतून काही येत नाही. मे संपला की पाऊस. लाइट जाते, टॉवरची बॅटरी थोडा वेळ तग धरते आणि मग तोही मिटतो. रिलेला ‘स्थिर’ असा एक बिल्ला मिळतो, तो सतत चालू राहणाऱ्याला. नव्या रिलेला पहिले तीन दिवस जवळपास कुणी विचारत नाही, मग त्याचा वेग मोजला जातो, आणि मधल्याला बढती मिळून पहिल्या जागेवर पूर्ण भार यायला अडुसष्टावा दिवस उजाडावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात सलग अडुसष्ट दिवस चालू राहिलेली एकही वस्तू आमच्या तालुक्यात मला माहीत नाही. पाऊस सोडून.

माझा भाचा जर्मनीत असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो फोनवर हसतच सुटला. “मामा, इथे महिन्याला चार-पाच युरो टाकले की सर्व्हर मिळतो. स्वतःचा पत्ता, लाइट जायचा प्रश्न नाही. मी लावून देतो, तू तिकडून चालव.” भाचा गुणी आहे. पण टॉरचे रिले जर्मनीत आधीच उदंड आहेत, आणि तेही त्याच त्या चार-दोन स्वस्त सर्व्हरवाल्यांकडे एकावर एक रचलेले. तिथे आता आणखी गर्दी करू नका, दुसरीकडे कुठेतरी लावा, असं टॉरवाले स्वतःच विनवतात. भारतात रिले मोजके आहेत. म्हणजे जिथे लावता येतो तिथे नको आहे, आणि जिथे हवा आहे तिथे फणस आहे.

अप्पा एका संध्याकाळी माळ्यावर आले. गुडघ्यांचं दुखणं विसरून शिडी चढले, यावरून गावात काय बोललं जात असेल याची कल्पना यावी. सट्टा म्हणत होते काही जण. काही जण म्हणत होते की मी घरात नोटा मोजायचं यंत्र आणलंय आणि हिरवा दिवा त्याचा आहे. मी त्यांना पाटावर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी पालीकडे एकदा नीट बघून घेतलं.

“म्हणजे तू न बघितलेल्या माणसाचं, न वाचलेलं काहीतरी, न ठाऊक असलेल्या जागी पोचवणार.”

“होय.”

“पैसे?”

“नाहीत. वेगवान रिले दोन महिने चालवला तर टी-शर्ट द्यायची पद्धत होती म्हणे.”

“मापाचा?”

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला. “आणि कोण ते कळत नाही म्हणतोस, तर मग तुला झोप कशी लागते?”

पवळ्या आता माळ्यावर नाही, कारण टॉरनेच मोबाइलवाल्यांसाठी दुसरं काम काढून ठेवलं आहे. रिलेंची यादी जाहीर असते, तेव्हा ज्या सरकारांना टॉर नको असतो ती ती यादी समोर ठेवून एकेक दार लावून टाकतात. रशियाने २०२१च्या डिसेंबरात हेच आरंभलं. २०२२च्या सप्टेंबरात इराणमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला, लोक रस्त्यावर आले आणि तिथलं इंटरनेट ठिकठिकाणी आवळलं गेलं. अशा वेळी यादीत नसलेली दारं लागतात. स्नोफ्लेक ही ती सोय. जगभरातल्या साध्यासुध्या लोकांचे फोन आणि ब्राउझर घटकाभर दार होतात आणि मिटतात. एक बंद करावं तर दुसरी दहा उघडलेली असतात. अँड्रॉइडच्या फोनवर ऑरबॉट नावाचं अॅप घ्यायचं आणि त्यात ‘काइंडनेस’ नावाचं बटण सरकवायचं. पत्ता लागत नाही. आपला फोनच आपणहून बाहेर जाऊन एका मध्यस्थ यंत्राकडे नाव नोंदवतो, आणि आतून बाहेर जाणाऱ्याला कंपनी सहसा अडवत नाही.

हा मध्यस्थ म्हणजे थेट वधूवर सूचक मंडळ. एका बाजूला आत येऊ पाहणारे, एका बाजूला आपण, आणि मध्यस्थ पत्रिका बघतो. पत्रिकेत महत्त्वाची गोष्ट एकच: नेटला कुंपण किती कडक आहे. मोबाइलवाले बहुतेक सगळे कडक कुंपणाचे. आपल्याकडे मंगळाला मंगळ चालतो. इथे उलट, कडकाला कडक अजिबात जमत नाही, दोघांपैकी एकाचं तरी कुंपण सैल लागतं. त्यामुळे माझा फोन बराच काळ नुसता नाव नोंदवून बसलेला असतो. पण जुळतं कधीतरी. मग अॅपवरचा आकडा एकाने पुढे सरकतो. कोण ते अॅप सांगत नाही, आणि कुठे निघालाय ते अॅपलाही माहीत नसतं, कारण पुढचं सगळं वेष्टनांत बांधलेलं. मीही विचारत नाही.

यात जीबीही पुरतो. रोजच्या दीड जीबीतला जो उरतो तो रात्री बाराला गतप्राण होतो, पैसे भरलेले असले तरी. म्हणून रात्रीची भांडी झाली की फोन चार्जिंगला लावून खिडकीत ठेवायचा आणि बारापर्यंत उरलंसुरलं वाटून टाकायचं. हा बाराचा हिशोब मी अप्पांना सहज बोलता बोलता सांगितला, आणि अप्पा पाटावरून उठलेच. अप्पांच्या फोनलाही रोज दीड जीबी येतो, आणि अप्पा त्यात सकाळी गुलाबाच्या फुलाची चार चित्रं पुढे पाठवण्यापलीकडे काही करत नाहीत.

“म्हणजे उरलेला रोज रात्री कंपनी परत घेते?”

“परत घेते म्हणजे… संपतो.”

“पैसे दिलेत ना मी?” आंबा खाल्ल्यावर बाठा तीन दिवस उन्हात ठेवून मग जमिनीत पुरणारा हा माणूस. रोजचा सव्वा जीबी फुकट जातोय हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. “घाल यात ते तुझं. पण गावात कुणाला बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मला विचारलं, “अप्पांचा फोन परदेशात चालतो म्हणे?” कुणी सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, “अप्पांनीच.”

आता दोघांचे फोन खिडकीत शेजारी शेजारी असतात. अप्पांच्या फोनने पहिला आकडा दाखवला त्या रात्री ते तोच घेऊन बसले होते. मिनिटभर बघायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा बघायचे. माणूस बाईमाणूस असेल का, तरणा असेल का, तिकडे आत्ता किती वाजले असतील, हे सगळं विचारून झालं. मला यातलं काही सांगता येत नव्हतं. मग त्यांनी एकदम विचारलं, “आणि माझा पॅक मध्येच संपला तर? अर्ध्यात अडकायचा तो.”

दुसरं दार मिळतं त्याला, काळजी करू नका, म्हटलं.

“ते असू दे. तू दोन दिवस आधीच रिचार्ज मारत जा माझा,” अप्पा म्हणाले. “परमुलखातला माणूस. त्याला आपल्या अठ्ठावीस दिवसांचा हिशोब काय ठाऊक?”